गेम पडतो, गडी उभाच राहतो

शाळा सुरू व्हायच्या तोंडावर कोल्हापूरच्या महाद्वार रोडला दप्तरं बघत फिरलात, तर छोटा भीम आणि स्पायडरमॅनच्या शेजारी एक निळं, काटेरी डोक्याचं, लाल बुटांतलं पात्र हमखास लटकलेलं दिसतं. राजारामपुरीतल्या केकच्या दुकानांतही वाढदिवसाच्या केकवर अधूनमधून तेच असतं. दुकानदार त्याला 'निळं कार्टून' म्हणतो. घेणारं पोरगं 'सोनिक' म्हणतं आणि त्याऐवजी दुसरं काही चालवून घेत नाही.

सोनिक हा मूळचा व्हिडिओ गेममधला गडी, जपानच्या सेगा कंपनीचा. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचा तिसरा सिनेमा आला आणि जगभरात ४९ कोटी डॉलरच्या आसपास गल्ला जमवून गेला. पहिल्या दोन्हींपेक्षा जास्त. पण त्याचे गेम वर्षानुवर्षं खेळणाऱ्या एखाद्याला गाठून विचारा. तो कपाळाला हात लावेल आणि त्यातले कोणते टाळायचे याची यादीच वाचून दाखवेल. मग प्रश्न पडतो की ज्याच्या नावावर इतके पडेल गेम आहेत, त्याची लोकप्रियता वाढते कशी? गेमच्या दर्जाचा आणि पात्राच्या नावाचा काही संबंध आहे की नाही?

संबंध आहे. पण आपण समजतो त्या जागी नाही.

मॅस्कॉट म्हणजे कोण?

कंपनीचा, संघाचा किंवा स्पर्धेचा चेहरा म्हणून मिरवणारं पात्र म्हणजे मॅस्कॉट. ठिपक्यांच्या फ्रॉकमधली अमूलची मुलगी १९६६ पासून लोण्याचा चेहरा आहे, तसंच. गेमच्या धंद्यात मॅस्कॉटची गरज पडली ती कन्सोलमुळे. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायची गेमची मशीन. दोन कंपन्यांच्या मशीन दुकानात शेजारी ठेवल्या तर गिऱ्हाइकाला त्या सारख्याच दिसतात. आत काय आहे हे खोका सांगत नाही, खोक्यावरचा चेहरा सांगतो. स्पर्धक कंपनी निन्टेन्डोकडे मारिओ हे पात्र होतं, म्हणून सेगाला सोनिक हवा होता.

सोनिकचं मूळ काम काय होतं, तर सेगाच्या मशीन खपवणं. ते काम केव्हाच संपलं. २००१ मध्ये सेगाने कन्सोलच्या धंद्यातून अंग काढून घेतलं. त्यानंतर सोनिकचे गेम थेट निन्टेन्डोच्या मशीनवर यायला लागले आणि २००७ मध्ये तर मारिओ आणि सोनिक ऑलिम्पिकच्या एका गेममध्ये एकत्र पळाले. ज्याला हरवायला याला आणलं, त्याच्याच अंगणात हा नांदू लागला. मशीन गेली, गडी राहिला. पुढचं सगळं समजून घ्यायला ही एक गोष्ट पुरेशी आहे.

जन्म मात्र चांगल्या गेमच्याच पोटी

मारिओ पहिल्यांदा दिसला १९८१ मध्ये, 'डाँकी काँग' या गेममध्ये. तेव्हा पडद्यावर चित्र काढायला मोजून थोडे ठिपके मिळायचे. तेवढ्यात तोंड काढणं अवघड, म्हणून तो रेखाटणाऱ्या शिगेरू मियामोतो यांनी नाकाखाली मिशी ठेवली. केस हलताना दाखवणं अवघड, म्हणून डोक्यावर टोपी आली. हात हलताना दिसावेत म्हणून अंगात वेगळ्या रंगाचा डांगरीसारखा पोशाख आला. आज जगभर ओळखला जाणारा हा चेहरा अशा अडचणींतून घडला. पण त्या चेहऱ्यावर लोकांनी जीव टाकला तो १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मुळे. त्याच्या ४ कोटींहून जास्त प्रती खपल्या. आपल्याकडे नव्वदच्या दशकात मिळणाऱ्या नकली मशीनमध्ये हाच गेम असायचा. त्याची कॅसेट काढून, फुंकर मारून, परत खोचून चालवलेली पिढी आज चाळिशीत आहे.

सोनिक आला जून १९९१ मध्ये. नाओतो ओशिमा यांनी त्याला रूप दिलं, युजी नाका यांनी प्रोग्रॅम लिहिला, हिरोकाझु यासुहारा यांनी पळायचे रस्ते आखले. सेगाची मशीन वेगाने चित्र सरकवू शकत होती आणि तेच दाखवायचं होतं, म्हणून गेमचा सगळा भर पळण्यावर. सोन्याची कडी जवळ असेल तर एक फटका बसला तरी माणूस मरत नाही, फक्त कड्या उधळतात. त्यामुळे लहान पोरगंही बिनधास्त वेगात घुसायचं. आणि एक बारीकशी गोष्ट अशी की तुम्ही बटण सोडून नुसते बसलात, तर सोनिक तुमच्याकडे वळून बघायचा आणि कंटाळल्यासारखा पाय आपटायचा. 'चल की, थांबलास कशाला?' एवढंच, पण त्या पाय आपटण्यात त्याचा सगळा स्वभाव आला. तो कुठल्या जाहिरातीने सांगितला नाही, खेळताना कळला.

याच काळात सोनिकचं बघून प्रत्येक कंपनीने एखादा मिस्कील प्राणी बाजारात सोडला. त्यातला बबसी नावाचा बोका सांगण्यासारखा आहे. १९९३ मध्ये त्याचा पहिला गेम आला, बरा होता, बरा इतकाच. कंपनीला त्याचा सोनिक करायची एवढी घाई, की त्याच वर्षी टीव्हीवर त्याच्या कार्टूनचा नमुना भागही दाखवून झाला. पुढे ते कार्टून आलंच नाही. १९९६ चा त्याचा थ्रीडी गेम तर आजही वाईट गेमचा दाखला म्हणून सांगितला जातो. बबसी संपला. पुढे कुणीकुणी त्याला उठवून बसवायचा प्रयत्न केला, पण तो चेष्टेचा विषय राहिला तो राहिलाच.

सोनिकचे गेमही वाईट निघाले, बबसीचेही. एक तरला, एक बुडाला. फरक कुठे पडला?

ओळख वेगळी, पत वेगळी

मॅस्कॉटची लोकप्रियता मोजताना दोन गोष्टींची सरमिसळ होते. किती लोक त्याला ओळखतात आणि त्याच्यावर जीव टाकतात, ही झाली ओळख. त्याचं नाव बघून किती लोक पुढच्या गेमला डोळे झाकून पैसे मोजतात, ही झाली पत.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची फुटबॉल मॅच बघितली असेल, तर हा फरक सांगायची गरज नाही. आपल्या तालमीचा संघ हरला म्हणून पेठेतलं पोरगं झेंडा टाकून देत नाही. चार शिव्या घालतं, रात्री कट्ट्यावर बसून गोलकीपरचा उद्धार करतं आणि पुढच्या मॅचला परत गॅलरीत हजर. पण त्याच गॅलरीत कुठल्याच पेठेचा नसलेला प्रेक्षकही असतो, निव्वळ चांगला खेळ बघायला आलेला. सलग दोन-तीन मॅच रटाळ झाल्या की तो यायचा बंद होतो. संघाचं नाव तेवढंच राहतं, गर्दी मात्र पातळ होते.

आता हे गेमला लावा. पहिले गेम चांगले असले की पेठ, म्हणजे हक्काचे चाहते, तयार होते. एकदा पेठ तयार झाली की नंतरच्या पराभवांनी ती सहजासहजी उठत नाही. बबसीची पेठ वसलीच नव्हती, त्यामुळे वाईट गेम आला तेव्हा त्याची बाजू घ्यायला कुणी नव्हतं. आणखी एक गोष्ट नजरेआड होते. 'सोनिकचे इतके वाईट गेम येऊनही तो टिकला' असं आपण म्हणतो, पण इतके वाईट गेम काढायची संधी मिळते तीच मुळात आधी टिकलेल्याला. बाकीच्यांचे गेम मोजायला ते उरलेत कुठे?

२००६ साली नेमकं काय झालं

वाईट म्हणजे किती वाईट, हे जवळून बघितल्याशिवाय पटत नाही.

सोनिकला पंधरा वर्षं झाली म्हणून सेगाने नव्या पिढीच्या एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ या मशीनसाठी मोठा गेम काढायचं ठरवलं. नावही नुसतं 'सोनिक द हेजहॉग', अगदी पहिल्या गेमचंच. काम अर्ध्यावर असताना युजी नाका कंपनी सोडून गेले. उरलेल्या टीमचेही दोन तुकडे झाले, कारण निन्टेन्डोच्या मशीनसाठी वेगळा सोनिक करायचा होता. तारीख मात्र हलवायची नव्हती, नाताळचा बाजार गाठायचा होता.

गेम खेळताना एका शहरात फिरावं लागतं. तिथल्या एखाद्या माणसाशी बोललं की तो किरकोळ काम सांगतो. ते काम सुरू व्हायला लोडिंगचा पडदा. पडदा उघडला की तो माणूस एखादं वाक्य बोलतो, आणि पुन्हा लोडिंग. काम संपलं की परत लोडिंग, आपण होतो त्याच जागी यायला. पळण्यासाठी जन्मलेल्या पात्राचा गेम, आणि निम्मा जीव पडदा उघडायची वाट बघण्यात जातो. पळायला मिळालंच तर कॅमेरा भलतीकडे वळतो आणि गडी कडेवरून खाली. गोष्टीत एक माणसांतली राजकन्या आहे, ती शेवटी या काटेरी प्राण्याचं चुंबन घेते. त्यावर जुने चाहते आजही मान खाली घालतात.

वेगवेगळ्या समीक्षकांनी दिलेल्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर या गेमला १०० पैकी ५० सुद्धा मिळाले नाहीत. २०१४ च्या 'सोनिक बूम'मधल्या वी यू मशीनवरच्या गेमने त्याच्याही खाली जाऊन ३२ वर मुक्काम केला.

मग ही ओळख टिकवली कुणी?

गेमच्या बाहेरच्या जगाने. १९९३ मध्येच अमेरिकेत सोनिकची दोन वेगवेगळी टीव्ही कार्टून सुरू झाली, कॉमिक्सही त्याच सुमारास. न्यूयॉर्कच्या थँक्सगिव्हिंगच्या मिरवणुकीत त्याचा प्रचंड फुगा निघाला. व्हिडिओ गेममधल्या पात्राचा तिथला तो पहिलाच फुगा, आणि पहिल्याच वर्षी दिव्याच्या खांबाला धडकून फुटला. असो, गडी वेगवान होता. पुढे मोबाइल आले आणि २०१३ मध्ये 'सोनिक डॅश' हा फुकटातला गेम आला. बोट सरकवत पळत राहायचं, बस्स. आईच्या फोनवर तो खेळलेलं पोरगं आमच्याकडेही गल्लोगल्ली सापडेल. विक्री आणि डाउनलोड मिळून सोनिकचा आकडा १५० कोटींच्या वर गेल्याचं सेगा सांगते. आकडा खरा, पण त्यात फुकट उतरवून घेतलेले गेमही धरलेत. म्हणजे तो ओळखीचा आकडा आहे. पत म्हणून वाचायला गेलात तर फसाल.

एप्रिल २०१९ मध्ये पहिल्या सिनेमाचा ट्रेलर आला, तो प्रसंग मला सगळ्यांत बोलका वाटतो. त्यातला सोनिक खऱ्या प्राण्यासारखा करायच्या नादात भलताच झाला होता. डोळे बारीक आणि एकमेकांपासून लांब, पाय माणसासारखे, आणि तोंडात चक्क माणसाची दातांची रांग. लोकांनी इंटरनेटवर असा गदारोळ केला, की दिग्दर्शक जेफ फाउलर यांनी काही दिवसांत रूप बदलण्याचा शब्द दिला. सिनेमा नोव्हेंबर २०१९ वरून फेब्रुवारी २०२० वर गेला आणि ३१ कोटी डॉलरच्या पुढे कमावून बसला. ओरडणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी वर्षानुवर्षं एकही सोनिक गेम विकत घेतला नसणार. तरी सोनिकचे डोळे कसे असतात, बूट कसे असतात, हे त्यांना तोंडपाठ होतं. गेम कसाही निघाला तर लोक चालवून घेतात, चेहऱ्याला हात लावला की पेटून उठतात.

पिकाचूचा रस्ता तर याहून उलटा. जपानमध्ये पोकेमॉनचे गेम १९९६ मध्ये आले, पण तेव्हा पिकाचू इतर दीडशे प्राण्यांतला एक होता. १९९७ च्या टीव्ही मालिकेने त्याला नायकाच्या खांद्यावर बसवलं आणि मगच तो सगळ्या पोकेमॉनचा चेहरा झाला. आपल्याकडे तो पोचला तोच टीव्हीवरून. गेमची मशीन न बघताही 'पिका पिका' करणाऱ्या पोरांनी वाड्या भरलेल्या होत्या.

'पण मारिओचे गेम चांगले असतात, म्हणूनच तो मोठा ना?'

हा आक्षेप येतोच, आणि त्यात दम आहे. निन्टेन्डो मारिओच्या मुख्य गेमला हलगर्जीपणा लागू देत नाही, तयार नसला तर पुढे ढकलते. त्यामुळे मारिओची पत कधी फारशी ढासळली नाही. सोनिक आणि मारिओ यांच्यातला खरा फरक इथे आहे. ओळखतात दोघांनाही, पण मारिओचा नवा गेम लोक आधी घेतात आणि मग त्याच्याबद्दल वाचतात. सोनिकचा गेम आला की आधी वाचतात.

तरीही मारिओची ओळख केवळ दर्जावर उभी आहे असं म्हणता येत नाही. १९९३ चा त्याचा सिनेमा सपाटून आपटला, मारिओला ओरखडाही उठला नाही. २०२३ च्या सिनेमाला समीक्षकांनी फार डोक्यावर घेतलं नाही, गल्ला १३० कोटी डॉलरच्या पुढे गेला.

आणि चांगल्या गेमने सगळं होत असतं तर रेमन आज कुठल्या कुठे असता. युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचं हे हात-पाय न जोडलेलं पात्र १९९५ मध्ये आलं. २०११ चा 'रेमन ओरिजिन्स' आणि २०१३ चा 'रेमन लेजेंड्स' या दोन्हींना समीक्षकांनी भरभरून गुण दिले. पण २००६ मध्ये त्याच्याच एका गेममधून बाहेर पडलेले ते किंचाळणारे ससे, रॅबिड्स, त्याच्यापेक्षा मोठे झाले. कार्टून मालिका त्यांना मिळाली, २०१७ मध्ये मारिओबरोबर गेमही त्यांनाच मिळाला. उत्तम गेम हातात असून रेमन घरी बसला.

'म्हणजे वाईट गेमने काहीच बिघडत नाही?'

बिघडतं. फक्त लगेच दिसत नाही, आणि बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं.

'टूम रेडर' या गेमची नायिका लारा क्रॉफ्ट बघा. २००३ मध्ये तिचा 'एंजल ऑफ डार्कनेस' अर्धाकच्चा बाजारात आला. त्याच वर्षी तिचा दुसरा सिनेमाही आला आणि कमी चालला, तेव्हा सिनेमा काढणाऱ्या पॅरामाउंटने खापर गेमवर फोडलं. खरं-खोटं त्यांनाच ठाऊक. पण ज्या कोअर डिझाइन कंपनीने लाराला जन्म दिला, त्यांच्या हातून ती काढून घेऊन क्रिस्टल डायनॅमिक्सकडे दिली गेली. लारा राहिली, तिचे जन्मदाते गेले. २०१३ मध्ये ती नव्याने उभी राहिली, पण मधली दहा वर्षं पत परत कमावण्यात गेली.

सेगालाही हे कळत होतं. २०१० मध्ये कंपनीने कमी गुण मिळालेले सोनिकचे जुने गेम विक्रीतून मागे घेतले. मालाने नाव खराब होतंय असं त्यांना स्वतःलाच वाटलं नसतं, तर विकता येणारा माल कुणी फळीवरून काढतं का? २०१४ च्या 'सोनिक बूम'चे दोन्ही गेम मिळून त्या आर्थिक वर्षात दहा लाखांचा आकडाही गाठू शकले नाहीत, जरी त्याच नावाचं टीव्ही कार्टून लोकांना आवडत होतं. एकाच नावाखाली ओळख वर आणि पत खाली, दोन्ही एकदम.

कधीकधी पतही ढळत नाही, हेही सांगायला हवं. नोव्हेंबर २०२२ चे पोकेमॉन 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट' अडखळत, चित्रं तुटत चालायचे. निन्टेन्डोने त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. तरी पहिल्या तीन दिवसांत १ कोटी प्रती गेल्या. पोकेमॉनची पेठच एवढी मोठी, की तिऱ्हाइताची गरज पडत नाही. हे भाग्य एखाद-दुसऱ्याचंच.

सोनिकची पत सावरली ती पेठेतल्याच पोरांनी. ख्रिश्चन व्हाइटहेड हा ऑस्ट्रेलियातला चाहता स्वतःच्या हौसेने जुन्या सोनिकसारखं काहीबाही बनवत होता. सेगाने त्याला आणि त्याच्यासारख्या आणखी काही चाहत्यांना जवळ घेऊन २०१७ मध्ये 'सोनिक मेनिया' करून घेतला. नव्वदच्या दशकातल्यासारखा सपाट, आडवा पळणारा गेम, आणि कित्येक वर्षांत सोनिकला मिळाले नव्हते इतके गुण त्याला मिळाले. तालमीच्या कट्ट्यावर बसून संघाला शिव्या देणाऱ्या पोरांनाच जर्सी देऊन मैदानात उतरवावं आणि त्यांनी गोल करावेत, तसं झालं.

आपल्याकडे गेम बनवणाऱ्यांनी यातून काय घ्यावं?

पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' २०२० मध्ये आला. सर्कशीत वाढलेली राजी आपल्या भावाला असुरांकडून सोडवायला निघते. दिसायला देखणा, बाहेरही नावाजलेला. पण राजी हे नाव गेम खेळणाऱ्यांच्या बाहेर फारसं पोचलं नाही. एका चांगल्या गेमने जन्म होतो, पेठ वसायला दुसरा, तिसरा गेम लागतो आणि मग टीव्ही, कॉमिक्स, खेळणी लागतात. छोटा भीमचं नेमकं उलटं. तो २००८ मध्ये टीव्हीवर आधी आला, गेम मागून आले, आणि त्या गेमच्या दर्जावरून भीमला कुणी जोखत नाही.

माझ्या मते छोट्या टीमने भीमचा रस्ता धरू नये. टीव्ही मालिकेला लागणारा पैसा त्यांच्याकडे नसतो आणि बबसीसारखी पेठ वसायच्या आधीच तोंड मिरवायची घाई केली तर पुन्हा कुणी वळून बघत नाही. पहिला गेम छोटा असू दे, तासाभराचा असू दे, पण पात्राचा स्वभाव खेळताना कळेल असा असू दे. पाय आपटण्याएवढी एक गोष्ट सापडली तरी खूप.

आणि घरातलं पोरगं सोनिकच्या महागड्या नव्या गेमसाठी हट्ट धरून बसलं असेल, तर आठवडाभर दम धरायला सांगा. तेवढ्यात कुणीतरी तो खेळून त्याचा व्हिडिओ टाकलेला असतो. पाच-दहा मिनिटं शेजारी बसून बघा, गडी पळतोय की पडद्यामागे लोड होतोय ते लगेच कळतं. दप्तर मात्र लगेच घेऊन टाका, त्याला लोडिंग लागत नाही.